मुंबईची वहिनी, भाग दोन

आवडती गाणी निवडायला बसलं की माणूस थोडं खोटं बोलायला लागतो. आंघोळ करताना गुणगुणायची गाणी मागं राहतात आणि चारचौघांत सांगण्यासारखी पुढं येतात. हे मी अनुभवानं सांगतो. नव्वदनंतरच्या एका वर्षी मुंबईवरची माझी आवडती गाणी निवडायचं काम माझ्याकडे आलं होतं आणि मी ते अतिशय गांभीर्यानं, म्हणजे वाईट, केलं होतं.

मी तेव्हा शिरूरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल हा शब्द उच्चारायला वेळ लागतो म्हणून गाव मला मास्तर म्हणे. मुंबईत मी आयुष्यात एकूण सहा दिवस राहिलो होतो, त्यांतले दोन पोट बिघडल्यामुळे खोलीतच. पण मुंबईबद्दल वाचलं पुष्कळ होतं. त्यामुळे त्या शहराबाबत माझ्या मनात कसलीही शंका नव्हती.

माझा मोठा भाऊ रेल्वेत गार्ड होता. लग्नानंतर पाच वर्षं त्याची नेमणूक कल्याणला होती आणि बिऱ्हाड मुंबईत, वहिनींच्या माहेरापासून दोन गल्ल्यांवर. वहिनी जन्मापासून गिरगावातल्या. फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होत्या. त्या उन्हाळ्यात दादाची बदली दौंडला झाली. वहिनींनी सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली आणि दोघं दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला आले. रजा दिवाळीनंतर संपणार होती. तेव्हा एकतर कामावर रुजू व्हायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. रुजू झाल्या की दादा दौंडला आणि वहिनी गिरगावात. हा प्रश्न घरातल्या सगळ्यांना ठाऊक होता, म्हणूनच कुणी काढत नव्हतं.

वहिनी बोलक्या बाई. पण दौंडला आल्यापासून मोजकंच बोलायच्या. मी रविवारी शिरूरहून गेलो की चहा द्यायच्या, शिरूरकडचं हवापाणी विचारायच्या आणि मग संध्याकाळी स्टेशनच्या पादचारी पुलावर फिरायला जायच्या. दौंडला तेव्हा मनमाडकडं जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावत. मग गाडी ज्या बाजूनं आली त्याच बाजूला निघाल्यासारखी वाटे आणि नवखे प्रवासी घाबरून खिडकीतून ओरडत. वहिनींची करमणूक तेवढीच.

"बघा भावजी, ती हिरव्या पातळाची बाई," त्या म्हणायच्या. "तिला वाटतंय परत मुंबईला चाललो. नशीबवान आहे, अर्धा मिनिट तरी."

एका रविवारी दादानं मला बाजूला घेतलं. "हिला गाण्यांची आवड आहे. तू शिकलेला आहेस. मुंबईची चांगली चांगली गाणी निवड आणि एक कॅसेट भरून आण. जरा बरं वाटेल."

"अरे, त्यांना तिथली आठवण येते म्हणून त्या गप्प आहेत, आणि तू आणखी आठवणच पाजणार?"

"मग काय पाजू?"

"सरळ विचार ना त्यांना. जाणार की राहणार."

दादानं खिशातली शिट्टी काढून उगाच पुसली. "मी गार्ड आहे रे," तो म्हणाला. "गाडी मी चालवत नाही."

दादा अठ्ठावीस वर्षं रेल्वेत राहिला, पण यापेक्षा खरं वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नाही.

मी काम घेतलं. भावाच्या काळजीपोटी घेतलं असं लिहिता आलं असतं, पण खरं कारण असं की आपल्या निवडीला कुणीतरी कॅसेटची किंमत दिली, हे मला आवडलं होतं. वाचनालयात मी चांगल्या पुस्तकांची यादी लावत असे आणि सभासद ती वाचून दुसरी पुस्तकं नेत.

आठवडाभर मी यादी करत होतो. नियम कडक ठेवले. गाण्यात मुंबईचं नाव यायला हवं, निदान तिथलं काहीतरी ओळखू यावं. नुसता समुद्र चालणार नाही, समुद्र गोव्यालाही आहे. शोधायला लागल्यावर एक गंमत कळली. मुंबईचं कौतुक करणारी गाणी बहुतेक वाईट असतात. त्यांत नगरी असते, महानगरी असते, सोनं असतं, मोती असतात आणि शेवटी पन्नासएक व्हायोलिनं एकदम उठून उभी राहतात, जसे सत्कार समारंभात पाहुणे आल्यावर लोक राहतात. उलट तक्रारीची गाणी चांगली. खोली मिळत नाही, ओळख देत नाहीत, पाकीट मारलं, पाय ठेवायला जागा नाही, आणि तरीही गाणारा परत जात नाही. ज्या शहराला चार कडवी शिव्या घालूनही माणूस गाडीचं तिकीट काढत नाही, त्या शहरावर त्याचं प्रेम आहे असं समजायला हरकत नाही.

लावण्यांतली मुंबई आणखी वेगळी. तिथं मुंबई म्हणजे दुकान. सख्या मुंबईला जातो आणि बाई त्याला चोळीचं कापड, अत्तराची कुपी आणि पायातल्या चपलेपर्यंतची यादी सांगते. पोवाड्यात मुंबई हातात तलवार घेते. कोळीगीतात डोक्यावर पाटी घेते. एकाच गावाला इतके हात असलेलं दुसरं गाव मला माहीत नाही.

आमच्या जवळचं मोठं शहर खरं तर पुणं. पण पुण्यावर गाणी सापडेनात. याचं कारण मला वाटतं भीती असावी. पुण्यावर गाणं केलं तर पहिल्याच कार्यक्रमात तिसऱ्या रांगेतला एखादा गृहस्थ उठून चुका सांगेल. शिरूरवर गाणं नाही, त्याची शिरूरला खंतही नाही. आणि दौंडचा उल्लेख असलेली एकच रचना सर्वत्र गाजलेली, ती म्हणजे स्टेशनवरची घोषणा. तीन भाषांत आहे, आवाज स्वच्छ आहे, भाव जरा कमी.

शेवटी सोळा गाणी ठरली. बारा तक्रारीची, दोन लावण्या, एक कोळीगीत आणि दादाची आवड म्हणून एक कौतुकाचं. वहीच्या पानावर वर लिहिलं, "मुंबईची गाणी", त्याखाली "वहिनीसाठी", मग यादी. आणि ते पान घेऊन मी बाजारपेठेतल्या चाचांच्या दुकानात गेलो.

त्या काळी आवडीची गाणी एका कॅसेटवर हवी असतील तर भरून घ्यावी लागत. चाचांचं घराणं शिरूरला चार पिढ्यांपासूनचं. आजोबा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत, वडलांचं लाउडस्पीकरचं दुकान, आणि चाचांकडे कॅसेट भरायचे दोन डेक, एक हेडफोन आणि गाण्यांनी भरलेल्या तीन भिंती. त्यांचे दोन नियम सगळ्या गावाला माहीत होते. एक, चांगली निवड कुणी आणली तर तिची एक प्रत ते स्वतःकडे ठेवत. दोन, कोरी टेप कधी गिऱ्हाईकाच्या हातात द्यायची नाही. गाणी संपून चार मिनिटं उरली तर चाचा स्वतःच्या मनानं काहीतरी भरत. कोरी टेप फिरताना ऐकणं म्हणजे पंगतीत रिकामं ताट पुढ्यात घेऊन बसणं, असं त्यांचं म्हणणं.

यादी डोळ्यांजवळ धरून ते म्हणाले, "मास्तर, ह्यात रडगाणीच लई हायती."

"चांगली आहेत ती."

"चांगलीच हायती. पन बाईमानसाला द्यायची ना? येखादं नाचायचं घाला की."

"वहिनी नाचत नाहीत, चाचा."

"तुम्ही कवा बघितलं न्हाई म्हना."

चार दिवसांनी कॅसेट मिळाली. मी ती न उघडता पिशवीत टाकली आणि रविवारी दौंडला नेऊन वहिनींच्या हातात दिली. त्यांनी डबीच्या कडेवरची चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि हसायला लागल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा. हसता हसता खाली बसल्या. दादा स्वयंपाकघरातून कपबशी घेऊन धावत आला.

"भावजी, माझ्यावर वग काढलात की काय?"

डबीची कड बोटभर रुंद. माझ्या वहीच्या पानावरच्या वरच्या दोन ओळी तिथं मावत नव्हत्या. चाचांनी त्यांतले कामाचे तेवढे शब्द घेतले होते आणि निळ्या बॉलपेननं, सुबक अक्षरात लिहिलं होतं: मुंबईची वहिनी.

त्या दिवशी सबंध कॅसेट ऐकून झाली. दादा प्रत्येक गाण्याला मान हलवत होता, कारण निवड धाकट्या भावाची होती. शेवटचं गाणं संपल्यावर वहिनींनी कॅसेट काढून डबीत ठेवली. मग म्हणाल्या, "छान आहेत. पण एक सांगू? रागावणार नाही ना?"

रागावणार नाही ना असं विचारलं की रागवायची सोय उरत नाही. मी सांगा म्हणालो.

"या सगळ्या गाण्यांत मुंबईला आलेला माणूस आहे. कुणी स्टेशनाबाहेर उभा आहे, कुणी खोली शोधतोय, कुणी चोळी आणायला गेलाय. मुंबईतच असलेलं कुणीच नाही. मी कुठं स्टेशनाबाहेर उभी राहून उंच बिल्डिंगा बघितल्या? मी त्यांतल्याच एकीत तांदूळ निवडत होते."

सोळा गाण्यांवर माझ्या आठवड्याची मेहनत होती, आणि ती दोन वाक्यांत निकालात निघाली. परतीच्या एसटीत मी बराच वेळ उत्तर शोधत होतो. न्हावऱ्यापर्यंत सापडलं नाही, तेव्हा झोपलो.

मधल्या तीन-चार महिन्यांत चाचांकडची प्रत कामाला लागली होती, हे मला ठाऊक नव्हतं. कळलं ते दिवाळीच्या तोंडावर. दादाची सलग ड्युटी होती, म्हणून वहिनींना चार दिवस शिरूरला आणायला मी गेलो. चौफुल्याहून आम्ही शिरूरची जीप धरली. नऊ माणसांच्या जीपमध्ये आम्ही चौदा होतो. ड्रायव्हरनं मागं वळून विचारलं, "काय लावू? वहिनी लावू का?"

"लाव, लाव," मागून तीन आवाज आले.

आणि माझं पहिलं गाणं सुरू झालं. तो स्टेशनाबाहेरचा माणूस, त्या उंच इमारती. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर उसाकडे.

समोरच्या बाकावर कवठे येमाईच्या एक मावशी मांडीवर पेरूंची टोपली घेऊन बसल्या होत्या. त्यांनी शेजारणीला सांगितलं, "लई ग्वाड गळा हाय म्हनं ह्या वहिनीचा."

गाणारा पुरुष होता. पण मावशी शेवटच्या लावणीची वाट बघत असाव्यात, ती बाईच्या आवाजात होती.

वहिनींनी पदर सावरून शांतपणे विचारलं, "कुठं राहते हो ही?"

"मुंबईची हाय. पन आता दौंडला दिलीया."

"हो का? मग कशी आहे तिकडं?"

"रडती म्हनं. करमत न्हाई."

"असं कुणी सांगितलं?"

"समद्यास्नी म्हाईत हाय की! दिवाळी झाली की जायाची म्हनं परत."

शेजारीण म्हणाली, "आन् न्हवरा?"

"न्हवरा गप हाय."

"गप का?"

"आता न्हवऱ्यानं काय बोलावं बाई. बोलला तर म्हनत्याल डांबून ठिवली, न्हाई बोलला तर म्हनत्याल माया न्हाई."

ड्रायव्हरनं आरशातून निकाल दिला, "न्हाई जायची. दुकानदार म्हनला, भाग दोन यायचाय."

उरलेला सगळा रस्ता वहिनी रुमाल तोंडाला लावून बसल्या होत्या. मला वाटलं रडतायत. शिरूर आलं, आम्ही उतरलो, आणि त्यांनी रुमाल काढला तेव्हा कळलं की हसू दाबून त्यांचा जबडा दुखत होता. मावशींनी उतरताना त्यांच्या हातात दोन पेरू ठेवले, ओळखदेख काही नसताना.

"हे सगळं तुम्ही सांगितलंत दुकानात?" त्यांनी विचारलं.

"मी फक्त एवढंच म्हणालो होतो, की वहिनी दौंडला असतात, दिवाळीपर्यंत रजा आहे आणि त्यांना जरा चुकल्यासारखं वाटतं."

"आणि नवरा गप आहे?"

"ते नाही सांगितलं."

"मग त्यांना बरोबर कसं कळलं?" नवरा गप असणं ही अंदाजानंही बरोबर येणारी गोष्ट आहे, हे मला तेव्हा, लग्नाआधी, माहीत नव्हतं.

"चला," त्या म्हणाल्या. "दुकान दाखवा."

चाचांनी वहिनींना पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लगेच उठून उभे राहिले. "तुम्हीच व्हय! अरे, खुर्ची द्या. वहिनी, तुमच्या नावाची लई कॅसेट गेली. सणसवाडीच्या कंपनीतली पोरं तर दर पगाराला येत्यात. त्यांच्यातली निम्मी बिहारची, पन म्हनत्यात, भाभी का गाना दो."

"चाचा, मी त्यात गायलेली नाही. निवडलेलीही नाही."

"म्हाईत हाय. पन लोकास्नी कुनीतरी लागतं. नुस्ती गाणी म्हनलं की घेत न्हाईत. वहिनी म्हनलं की घेत्यात."

प्रकाशन व्यवसायाबद्दल याहून चांगलं व्याख्यान मी नंतर कुठल्या साहित्य संमेलनात ऐकलं नाही.

वहिनी खुर्चीवर बसल्या. "भाग दोन मागतायत म्हणे?"

"रोज इच्यारत्यात."

"मी यादी देते. पण माझ्या पद्धतीनं भरायची."

त्यांनी माझ्याच खिशातलं पेन घेतलं आणि दहा मिनिटांत चौदा गाणी लिहिली. मी वाचत होतो आणि माझे नियम एकेक करून मोडत होते. एकाही गाण्यात मुंबई नव्हती. एक विहिरीवरचं, एक माहेरच्या वाटेवरचं, एक देवीचं, एक तर चक्क नांगरणीचं.

"वहिनी, हे विहिरीवरचं आहे."

"असेल. माझ्यासाठी ते आमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या दुसऱ्या मजल्याचं आहे. त्यांचा रेडिओ आमच्या घरात ऐकू यायचा. आम्ही घेतलाच नव्हता."

मग त्यांनी प्रत्येक गाण्यापुढे, कुठपर्यंत भरायचं, ते लिहायला सुरुवात केली. विहिरीवरचं गाणं धृपद आणि त्यानंतरची बासरी, बस. कारण तेवढ्यात नळाला पाणी यायचं आणि सगळ्या बिल्डिंगभर बादल्या सुरू व्हायच्या. देवीचं अर्ध्या कडव्यापर्यंत, कारण वडील कामाला निघताना दार लावून घ्यायचे. नांगरणीचं पहिल्या दोन ओळी, कारण ते पानवाल्याकडे लागायचं आणि बस तिथं तेवढीच थांबायची. पंचवीस वर्षं त्यांनी ही गाणी रोज ऐकली होती आणि एकही पूर्ण ऐकलं नव्हतं. पुढं काय होतं ते त्यांना माहीत नव्हतं, आणि कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

"ही माझी मुंबईची गाणी," त्या म्हणाल्या. "अशीच भरा. अर्धी."

चाचांचा चेहरा पडला. "अर्धं गानं? वहिनी, अर्धं गानं देनं म्हंजी खोट हाय. लोक म्हनतील चाचानं कापलं."

"लोकांना नका देऊ. मला द्या."

"आन् टेप? नव्वद मिन्टांची, निम्मी बी भरायची न्हाई हो."

"राहू दे कोरी."

चाचांनी यादीची घडी घालून खिशात ठेवली. पण ज्यांनी त्यांचा दुसरा नियम ऐकला होता त्यांना कळलं असतं की ती घडी म्हणजे होकार नव्हता.

दिवाळीआधी तीन दिवस मी ती कॅसेट दौंडला पोचवली. या वेळी डबीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "मुंबईची वहिनी, भाग दोन". आत दोन बाजूंवर बारीक अक्षरात दोन शब्द. ए बाजूवर "मुंबई". बी बाजूवर "उरल्यालं".

ए बाजू वहिनींनी सांगितल्याप्रमाणे, टेप संपेपर्यंत तीच चौदा पुन्हा पुन्हा. प्रत्येक गाणं बरोबर तिथं तुटलं होतं जिथं नळाला पाणी यायचं, दार लागायचं, बस हलायची. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या आणि तुटायच्या आधी क्षणभर त्यांचा हात आपोआप हलत होता, बादली उचलायला निघाल्यासारखा. मग दादानं कॅसेट उलटी केली. चाचांनी बी बाजूला त्याच चौदा गाण्यांचे उरलेले भाग भरले होते. जिथं तोडलं तिथून पुढं, त्याच क्रमानं. कोरी टेप द्यायची नाही हा नियम, आणि अर्धं गाणं द्यायचं नाही हा धर्म, दोन्ही त्यांनी एका फटक्यात सांभाळले होते.

विहिरीवरच्या गाण्याचं दुसरं कडवं लागलं. वहिनींनी डोळे उघडले. "अय्या," त्या म्हणाल्या, "ती घरी जातच नाही?"

गाण्यातली बाई घागर भरून घरी जाते असं त्यांनी पंचवीस वर्षं गृहीत धरलं होतं. ती विहिरीवरच बसून राहते, दुसऱ्या बायकांशी बोलत. मीही ते कधी नीट ऐकलं नव्हतं.

दादानं नंतर मला सांगितलं की पुढचे तीन दिवस घरात फक्त बी बाजू वाजत होती. "चांगलं लक्षण आहे का रे?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही. मला खरंच माहीत नव्हतं. माझा अंदाज होता की त्या जातील. अशा वेळी सुशिक्षित माणसाचा अंदाज चुकतो तो उगाच नाही. त्यानं पुस्तकांत अशी बाई जातानाच वाचलेली असते.

भाऊबीजेला वहिनी माहेरी गेल्या. त्याला काही अर्थ नव्हता, भाऊबीजेला सगळ्याच जातात. पण कामावर रुजू व्हायची तारीख त्याच आठवड्यात होती आणि त्यांनी मोठी बॅग घेतली होती. दादानं ती बॅग स्वतः डब्यात चढवली. किती दिवस, असं विचारलं नाही. घरी येऊन त्यानं टेपरेकॉर्डर तिथंच आहे ना ते पाहिलं. तिथंच होता. झाकण उघडून कॅसेट पाहिली. होती. बी बाजू वर, टेप अर्ध्यावर. हे त्यानं मला शिरूरला फोन करून सांगितलं, वाचनालयाच्या शेजारच्या दुकानातल्या फोनवर. मी धावत गेलो, कुणी वारलं की काय म्हणून.

"टेप अर्ध्यावर आहे," दादा म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. तुला सांगितलं."

आठ दिवसांनी वहिनींचं पत्र आलं, त्यात गाडीची वेळ. मीही स्टेशनवर गेलो. दादा फलाटावर डब्याचा अंदाज घेऊन तासभर आधीपासून उभा, आणि रेल्वेच्या माणसाचा अंदाज असूनही डबा चार खांब पुढं थांबला. वहिनी उतरल्या. मागोमाग हमालाच्या डोक्यावर चादरीत बांधलेलं काहीतरी जड, चौकोनी. त्यामागं दुसरा हमाल, तसंच आणखी एक.

"काय आहे हे?" दादा म्हणाला.

"टाइपरायटर. मराठी एक, इंग्रजी एक. कचेरीत नवीन घेतली, जुनी काढून टाकत होते. राजीनामा द्यायला गेले तेव्हा विचारलं, देता का. दिली."

राजीनामा हा शब्द त्यांनी वाक्याच्या मध्ये, हमालाला सांभाळून घे म्हणता म्हणता उच्चारला. दादाला तो कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं हमालाच्या डोक्यावरचं मशीन स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि क्वार्टरच्या उलट दिशेला चालायला लागला.

"अहो, इकडं," वहिनी म्हणाल्या. "तुमचंही इंजिन बदललं का?"

घरी चहा घेताना मी विचारलंच. तारखेपर्यंत ठरलं नव्हतं ना? मग कशानं ठरलं?

"तुम्हाला काहीतरी मोठं ऐकायचंय, भावजी," त्या म्हणाल्या. "तसं काही नाही. कचेरीतल्या बायकांना विचारलं, दौंडला टायपिंगचा क्लास चालेल का. त्या म्हणाल्या, न चालायला काय झालं. आणि इथं पाणी दुपारी येतं." त्यांनी बशीत चहा ओतला. "सकाळी गाणं पुरं ऐकता येतं. दुसरं कडवं बरं असतं हो. बादल्यांच्या नादात राहूनच गेलं होतं."

दादा बशीकडे बघत हसत होता. तो काही बोलला नाही, पण या वेळचं गप्प बसणं वेगळं होतं. कवठे येमाईच्या मावशींनाही ते ओळखता आलं असतं.

क्लास बाहेरच्या खोलीत सुरू झाला. बोटांना लय लागावी म्हणून वहिनी टेप लावत. आणि लावत ती ए बाजू, कारण बी बाजू लागली की मुली टंकायचं सोडून ऐकत बसत. गाणं अर्ध्यात तुटलं की सगळ्या मुली एकदम थांबून ओरडत, "पाणी आलं!", कागद वर सरकवत आणि पुढच्या गाण्याबरोबर नवी ओळ धरत. दौंडच्या ज्या मुलींनी गिरगाव कधी पाहिलं नाही त्यांच्या बोटांत गिरगावातल्या नळाची वेळ बसली.

पहिली तुकडी परीक्षेला पुण्याला गेली तेव्हा मी सोबत होतो. परीक्षेच्या हॉलमध्ये अर्थातच गाणं नव्हतं. दोन मिनिटं मशीनं धडधडत होती, आणि मग आमच्या पाचही मुली एकाच क्षणी थांबल्या. पर्यवेक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. दारात उभ्या असलेल्या वहिनींनी कपाळाला हात लावला. आतून सगळ्यात धाकटीचा, अगदी हळू, आवाज आला: "पाणी आलं." आणि पाचही मशीनं पुन्हा सुरू झाली.

सगळ्या पास झाल्या. त्यामुळे आज मला कुणी मोठ्या शहरावरची आवडती गाणी विचारली की मी माझी सोळांची यादी सांगत नाही. ती चौदा सांगतो. विचारणारा म्हणतो, यांत शहर कुठं आहे? मी म्हणतो, ए बाजूला.